सही झाली, घरी सांगितलं का?

गेल्या अंकात अवयवदानाविषयी प्रश्न मागवले आणि टेबलावर पाकिटांचा ढीग झाला. बहुतेक पत्रं कॉलेजच्या मुलामुलींची, दोन-चार त्यांच्या शिक्षकांची. उत्तरांआधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आधी अतिदक्षता विभागात परिचारिका होते, मग एकवीस वर्षं प्रत्यारोपण समन्वयक. म्हणजे आयसीयूशेजारच्या लहान खोलीत नातेवाइकांसमोर बसून ‘तो’ प्रश्न विचारणारी बाई.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात दरवर्षी अवयवदान सप्ताह होतो. भित्तिपत्रकं, पथनाट्य, व्याख्यान आणि शेवटच्या दिवशी नोंदणी. यंदा 312 जणांनी नोंदणी केली. नंतर एका वर्गात सहज विचारलं, घरी किती जणांनी सांगितलं? चार हात वर आले. आमचं काही चुकतंय का?
– एक प्राध्यापिका

चुकत नाही मॅडम, अर्ध्यावर थांबतंय. आणि ते चार हात मोजल्याबद्दल तुमचे आभार. इतक्या वर्षांत हा प्रश्न वर्गात विचारणारे शिक्षक मला फार भेटले नाहीत.

विचारायची वेळ येते तेव्हा तो मुलगा किंवा ती मुलगी बोलू शकत नसते. मग विचारतात घरच्यांना. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. कुठे नोंदणी हीच संमती धरतात, कुठे नातेवाइकांची लेखी संमती लागते. पण कागदावर काहीही असो, आई ‘हात लावू नका’ म्हणत असताना पुढे गेलेलं पथक मी पाहिलेलं नाही. स्पेनमध्ये 1979 पासून कायदा असा आहे की हयातीत नकार नोंदवला नसेल तर होकार गृहीत धरायचा. तरीही तिथे प्रत्यक्षात घरच्यांना विचारतातच. दानाच्या प्रमाणात तो देश कितीतरी वर्षं जगात आघाडीवर आहे, आणि तिथली जाणती मंडळी त्याचं श्रेय कायद्याला देत नाहीत. 1989 पासून रुग्णालयांत उभ्या केलेल्या समन्वयकांच्या जाळ्याला देतात. (माझ्या जुन्या नोकरीची जाहिरात समजा हवं तर.) ब्रिटनचा अनुभव तुमच्या अधिक उपयोगाचा. तिथे माणसाची इच्छा घरच्यांना ठाऊक असेल तर दहातली नऊ कुटुंबं होकार देतात. ठाऊक नसेल तर जेमतेम निम्मी.

एका मुलाचं सांगते. वीस वर्षांचा, डोक्याला मार. आईवडिलांना विचारलं, ते नाही म्हणाले. मी ‘बरं’ म्हटलं आणि पाण्याचे ग्लास उचलून बाहेर आले. नकार आला की तेवढंच करायचं असतं. महिन्याभराने त्याच्या आईचा फोन आला. त्याच्या पाकिटात, बसच्या पासमागे, डोनर कार्ड सापडलं होतं. ‘त्याला हो म्हणायचं होतं,’ एवढं बोलल्या आणि बराच वेळ फोन तसाच धरून राहिल्या. ते कार्ड कुठल्यातरी कॉलेजच्या अशाच सप्ताहात भरलेलं होतं.

त्यामुळे माझी सूचना अशी. अर्ज शेवटच्या दिवशी भरून घेऊ नका. पहिल्या दिवशी हातात द्या, घरी न्यायला सांगा, आणि आठवड्याभरानंतर ज्यांना आणायचा असेल त्यांनी आणावा. 312 चे 90 होतील. होऊ द्यात. मे 2012 मध्ये फेसबुकने अवयवदाता असल्याचं जाहीर करायची सोय दिली, तेव्हा अमेरिकेत पहिल्याच दिवशी 13,000 हून जास्त नवे दाते नोंदले गेले, रोजच्या जवळपास एकवीसपट. पुढच्या दोन आठवड्यांत तो पूर ओसरत गेला. दोस्तांचं पाहून मुलं सही करतात हे त्यातून कळलं, आणि लाट किती टिकते तेही.

आणखी दोन गोष्टी, जरा कडू आहेत. एका ठिकाणी सर्वाधिक नोंदणी करणाऱ्या वर्गाला फिरता चषक देताना मी पाहिलं. कृपा करून तसलं काही करू नका. ज्याला नाही म्हणायचंय त्याला त्या वर्गात मान वर करून बसता आलं पाहिजे. दुसरं पथनाट्याचं. नायक मरतो, मागे ‘अवयवरूपी उरावे’ची आरोळी, टाळ्या. मुलांना त्यात मरण दिसतं, घेणारा माणूस दिसतच नाही. त्याऐवजी डायलिसिसवर असलेल्या कुणाला अर्धा तास बोलायला बोलवा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून बसायचं, आणि मधल्या दिवसांत पाणीसुद्धा मोजून प्यायचं, हे त्यांनी त्यांच्या तोंडाने सांगू द्या.

प्रश्न : मला अपघात झाला आणि खिशात डोनर कार्ड सापडलं, तर डॉक्टर मला वाचवायचे प्रयत्न कमी करतील का? आणि ब्रेन डेड माणसाची छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं. त्याला मेलेला कसं म्हणायचं?
– द्वितीय वर्ष, विज्ञान शाखा

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तुला वाचवणारे डॉक्टर वेगळे, प्रत्यारोपण करणारे वेगळे. मेंदूमृत्यूची तपासणी करणाऱ्यांत प्रत्यारोपणाच्या पथकातला माणूस चालत नाही. शिवाय उपचारात ढिलाई झाली, रक्तदाब घसरू दिला, प्राणवायू कमी पडू दिला, तर आधी मूत्रपिंड आणि यकृतच बिघडतात. शेवटपर्यंत जिवापाड उपचार झालेल्या माणसाचेच अवयव कुणाच्या कामी येतात.

दुसरा प्रश्न तू मनापासून विचारला आहेस, तेव्हा जरा बैस.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण, त्यांत लहान मुलं, आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा भरायची युक्ती काढली. पण पिशवी दाबणार कोण, तीही रात्रंदिवस? वैद्यकीय विद्यार्थी आले, सुमारे 1,500, तुझ्याच वयाचे. पाळ्या लावून त्यांनी महिनोन् महिने पिशव्या दाबल्या. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला असं मानतात. आयसीयूत नवीन होते तेव्हा मला हे कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबायची तसलीच हवेची पिशवी, हातात घेतली की ती मुलं आठवतात.

तर श्वास असा बाहेरून देता येऊ लागला आणि एक नवीच अवस्था डॉक्टरांपुढे आली. डोक्याला जबर मार लागला किंवा आत मोठा रक्तस्राव झाला की मेंदू सुजतो. कवटी काही ताणत नाही. आतला दाब इतका वाढतो की मेंदूकडे रक्त चढूच शकत नाही, आणि मेंदू त्याच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभासकट मरतो. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूस्तंभातून येतो, तो थांबतो. हृदयाचं तसं नाही. ठोक्याची कळ हृदयातच असते, त्यामुळे व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवतो तोवर ते चालत राहतं आणि अंग गरम राहतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन 1959 मध्ये केलं. माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केपटाऊनला 1967 साली झालं. अवयव मिळावेत म्हणून ही अवस्था कल्पनेतून काढली, असं कुणी म्हणालं तर ही दोन सालं त्याला सांग.

तपासणी मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. आधी खात्री करतात की गुंगीच्या औषधांचा अंमल नाही, अंग गार पडलेलं नाही. मग डोळ्यांत उजेड टाकतात, बाहुली आकसते का. बुबुळाला कापसाचं टोक लावतात, पापणी हलते का. कानात गार पाणी सोडतात, डोळे फिरतात का. घशात नळी घालून ठसका येतो का पाहतात. शेवटी श्वासाची परीक्षा. भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि आठ-दहा मिनिटं नुसतं छातीकडे पाहत उभं राहायचं. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो. मेंदूस्तंभात जरा जरी जीव असेल तर शरीर इतक्या घुसमटीत एक तरी आचका देतंच. त्या मिनिटांत खोलीत कुणी बोलत नाही. कोमातला माणूस यातल्या सगळ्या परीक्षांना असा गप्प राहत नाही. त्याचा मेंदूस्तंभ जागा असतो, म्हणूनच कोमातून माणसं परत येतात. मेंदूमृत्यूतून कुणी येत नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. मेंदू मेल्यावरही कधी कधी हात किंवा बोटं हलतात. ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची असते. एका भावाने ते पाहिलं आणि ‘हलला, हलला!’ म्हणून बाहेर धावत आला. डॉक्टरांनी त्याला खाटेपाशी नेऊन श्वासाची परीक्षा त्याच्यासमोर पुन्हा केली. त्या दिवसापासून मी ही गोष्ट नातेवाइकांना आधीच सांगत आले.

प्रश्न : मला जाड भिंगाचा चष्मा आहे, हातावर टॅटू आहे, लहानपणी कावीळ झाली होती. माझा उपयोग काय?
– एक निराश वाचक

निराश कशाला होतोस? चष्म्याचा नंबर असला तरी नेत्रदान चालतं. डोळा आख्खा बसवत नाहीतच, बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा बसवतात. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून सहसा रक्तगटही जुळवावा लागत नाही. 1905 साली एदुआर्द त्सिर्म यांनी ओलोमोउत्स गावी हे पहिल्यांदा यशस्वी केलं, रक्तगट जुळवणं नावालाही नव्हतं तेव्हा. टॅटूने दार बंद होत नाही. काविळीचा प्रकार कोणता होता ते त्या वेळी रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. ते काम त्यांचं, तू आधीच स्वतःला बाद करू नकोस.

जाता जाता, हे फारसं कुणी सांगत नाही. हृदय, फुफ्फुसं, यकृत असे अवयव देण्यासाठी मृत्यू बहुधा व्हेंटिलेटरवर असताना व्हावा लागतो. अमेरिकेतल्या हिशेबाने तसे मृत्यू हजारात तीनच्या आसपास. डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा यांचं तसं नाही. हृदय थांबल्यानंतरही काही तास हातात असतात, डोळ्यांसाठी साधारण सहा. तुझे डोळे कुणाला मिळण्याची शक्यता तुझ्या हृदयापेक्षा कितीतरी जास्त आहे.

प्रश्न : बाबांना किडनी हवी आहे. माझा रक्तगट जुळतो. मी 20 वर्षांची. मी देणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. मला भीती वाटते, पण बोलले तर स्वार्थी ठरेन.
– नाव छापू नका

नाही छापत. आणि तू स्वार्थी नाहीस.

1954 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला, रिचर्डला, एक मूत्रपिंड दिलं. यशस्वी झालेलं हे पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण. शस्त्रक्रिया करणाऱ्या जोसेफ मरे यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं. रोनाल्ड तेव्हा 23 वर्षांचा होता. आदल्या रात्री आजारी भावानेच त्याला चिठ्ठी पाठवली, निघून जा, घरी जा. तो गेला नाही. एका मूत्रपिंडावर तो पुढे 56 वर्षं जगला. ही गोष्ट व्याख्यानांतून नेहमी सांगतात. मला त्यातली चिठ्ठी जास्त आवडते. घेणाऱ्याने देणाऱ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. तुझ्यासाठी ते कुणी उघडलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते की ते आहे.

दात्याची तपासणी करणारे डॉक्टर बाबांच्या डॉक्टरांहून वेगळे असावेत असा आग्रह धर, आणि त्यांच्याशी एकटी बोल, आईसुद्धा खोलीत नको. उरलेलं मूत्रपिंड जास्तीचं काम अंगावर घेतं आणि बहुतेक दाते पुढे नेहमीसारखं जगतात, हे खरं. पण जोखीम शून्य नसते, आणि विशीतल्या दात्यापुढे अजून साठ वर्षं असतात. म्हणूनच कितीतरी डॉक्टर इतक्या लहान दात्याबाबत हात आखडता घेतात. तुला नको असेल तर त्यांना तसं सांग. चांगलं केंद्र घरच्यांना इतकंच कळवतं की ही मुलगी दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगत नाहीत. मी अशा ओळी कित्येकदा कळवल्या आहेत आणि त्याबद्दल मला कधी अपराधी वाटलं नाही. द्यावंसं वाटत असेल तर तेही कर, पण आज रात्री ठरवायलाच हवं असं काही नाही.

प्रश्न : विषय काढला की बाबा ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणत उठून जातात. घरी सांगायचं तरी कसं?
– बी.कॉम., तृतीय वर्ष

बाबांना सांगायलाच हवं का? एका खोलीत वडील पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, ‘त्याला काय आवडलं असतं?’ मामा, काका, सगळे गप्प. कोपऱ्यात पंधरा वर्षांची बहीण बसली होती. ती म्हणाली, ‘दादा म्हणाला होता, माझं सगळं देऊन टाका, फक्त हेडफोन तुला.’ मालिका बघता बघता चेष्टेत म्हणाला होता. वडिलांनी त्या वाक्यावर सही केली.

तेव्हा बहीण असेल तर बहिणीला, मावशीला, जी आईच्या शेजारी उभी राहील तिला सांग. घरच्यांना समोर बसवून भाषण देऊ नकोस. रक्तदान करून आलेल्या दिवशी, प्रवासात शेजारी शेजारी बसलेले असताना, एका वाक्यात. ‘मला काही झालं तर माझं जे चालेल ते द्या.’ ते ओरडतील. ओरडले म्हणजे ऐकलं. आणि उलट त्यांनाही विचार, तुमचं काय? चिडलेल्या माणसाला कधी कधी कुणी त्याचं मत विचारलेलंच नसतं.

बाबांनी शरीराची विटंबना होते असं काढलं तर सांग, टाके घालून नीट शिवतात, कपड्यांत काही दिसत नाही. वेळ मात्र लागतो. होकारानंतर शरीर ताब्यात मिळायला बारा, चोवीस तास, कधी त्याहून जास्त. हे आधी न सांगितल्यामुळे चिडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि ती बरोबर होती.

प्रश्न : कॉलेजात मूलपेशी दात्यांची नोंदणी आहे. हाडात सुई घालतात म्हणे. दुखतं का?
– प्रथम वर्ष

मूलपेशी म्हणजे हाडांतल्या मज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशी. नोंदणीच्या दिवशी गालाच्या आतून बोळा फिरवतात, बस. पुढे कधी तुझ्या पेशी कुणाशी जुळल्याच, तर बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात आणि मग एका हातातून रक्त काढून, यंत्रातून मूलपेशी वेगळ्या करून, उरलेलं रक्त परत देतात. इंजेक्शनांनी अंग फ्लूसारखं मोडून येतं. कमरेच्या हाडातून घ्यायचं झालं तर भूल देतात, नंतर काही दिवस कंबर धरते. तरुण दाते हवे असतात, म्हणून सगळे कॉलेजांच्या दारात येतात. सख्ख्या भावंडांतसुद्धा जुळायची शक्यता चारात एक.

पण दुखण्यापेक्षा दुसरी गोष्ट लक्षात घे. पेशी देण्याच्या काही दिवस आधी समोरच्या रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी मारून टाकतात. त्यानंतर दाता मागे फिरला तर त्या रुग्णाकडे काही उरत नाही. तेव्हा डळमळीत असशील तर आज बोळा फिरवू नकोस, पुढच्या वर्षी फिरव. नोंदणीवाले यावर नाराज होतील असं वाटत असेल तर विचारून बघ, ते माझ्याहून कडक बोलतील.

प्रश्न : मित्रांबरोबर उत्साहात अवयवदानाची नोंदणी केली. आता नको वाटतंय. नाव काढता येतं का?
– एक वाचक

येतं. कारण द्यावं लागत नाही. फक्त तेव्हा घरी ‘हो’ म्हणून सांगितलं असशील, तर आता ‘नाही’ हेसुद्धा त्याच माणसाला सांग.